गाडीतली ओल : पाणी कुठून येतं ते आधी शोधा

पावसाळ्यात गाडी चालवताना काच आतून धुरकट होणं वेगळं, आणि रात्रभर बंद असलेल्या गाडीचं दार सकाळी उघडल्यावर काचांवर आतून थेंब दिसणं वेगळं. पहिल्याचा इलाज डॅशबोर्डवरच्या बटणांत आहे. दुसऱ्याचा अर्थ असा की गाडीत कुठेतरी पाणी साठलंय आणि रात्रीतून ते हवेत मिसळून गार काचेवर उतरतंय. २०२४च्या जूनअखेरीला सावंतवाडीत आमच्या नऊ वर्षं जुन्या हॅचबॅकमध्ये हा दुसरा प्रकार सुरू झाला आणि गाडी पूर्ण कोरडी व्हायला गणपती उजाडले. या काळात काय तपासलं, कुठे थांबावं लागलं, किती पैसे गेले ते क्रमाने लिहितो. कोकणात दर पावसाळ्यात कितीतरी गाड्या आतून कुजतात आणि मालक सुगंधी डबी बदलत राहतात, ते बघवत नाही.

आधी पहिल्या प्रकाराबद्दल, कारण तो वगळल्याशिवाय दुसरा ओळखता येत नाही. सावंतवाडीहून आंबोलीचा घाट चढताना काचेच्या बाहेरचं आणि आतलं, दोन्ही तऱ्हेचं धुकं एकाच फेरीत दिसतं. खाली जुलैत बाहेरची हवा गरम आणि ओलीचिंब असते. एसी पूर्ण थंडवर ठेवून झोत समोरच्या काचेवर सोडला की काच बाहेरच्या हवेच्या दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन जमू लागते त्यापेक्षा, गार होते आणि धुकं बाहेरून धरतं. आतून कितीही पुसलं तरी ते जात नाही, वायपर फिरवला की जातं. अशा वेळी झोत काचेवरून काढून तोंडाकडे किंवा पायाकडे वळवायचा आणि तापमान थोडं वाढवायचं. तीसेक किलोमीटर चढून आंबोलीत, सुमारे ६९० मीटर उंचीवर पोचलं की बाहेर गारवा आणि आत चार माणसांचे ओले कपडे, म्हणजे धुकं आतून. तिथे एसी चालू, तापमानाचा खटका गरम बाजूला, झोत काचेवर, ब्लोअर जोरात आणि हवा बाहेरून घेणारा पर्याय. थंडी वाजते म्हणून बरेच जण इथे एसीच बंद करतात. त्याने काम बिघडतं. एसीच्या कूलिंग कॉइलवर हवेतलं पाणी गोठून नव्हे, तर दवासारखं जमून खाली गळून जातं, आणि हीटर ती कोरडी झालेली हवा परत गरम करतो. दोन्ही एकत्र चालले तरच काच लवकर साफ होते. एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवला तर कॉइलवर जमलेलं पाणी परत वाफ होऊन आत येतं आणि काच मिनिटाभरात पांढरी पडते. वळणावर हे फार धोक्याचं.

हे सगळं नीट करूनही आमच्या गाडीत सकाळचे थेंब जात नव्हते. जोडीला कुबट वास, आणि डाव्या बाजूच्या सीटबेल्टच्या पट्ट्यावर बारीक राखाडी ठिपके. ही बुरशी. मॅटखालचं कार्पेट हाताला जेमतेम दमट लागत होतं. पण कार्पेटच्या वरच्या थरावर विश्वास ठेवू नये. त्याच्याखाली दीड-दोन बोटं जाडीचं फेल्ट, म्हणजे दाबलेल्या तंतूंचा थर, असतो आणि पाणी तिथे साठतं. दाराच्या उंबऱ्यावरची प्लॅस्टिकची पट्टी, म्हणजे स्कफ प्लेट, हाताने वर ओढली की निघते. तिच्या बाजूने कार्पेटची कड उचलून बोटं आत घातली तेव्हा फेल्टमधून पाणी निथळलं. उजव्या बाजूला तसंच केलं, तिथे कोरडं. मागे डाव्या बाजूला थोडं ओलं. डिकीत स्टेपनीचा खड्डा कोरडा.

इथे एक हिशेब सांगतो, कारण सिलिका जेलच्या पुड्या टाकून प्रश्न सुटेल असं सगळीकडून सुचवलं जातं. २५ अंशांच्या हवेत एका घनमीटरला जास्तीत जास्त २३ ग्रॅम वाफ मावते. लहान गाडीच्या आत साधारण तीन घनमीटर हवा, म्हणजे सगळी मिळून ७० ग्रॅमच्या आत. एक माणूस नुसत्या श्वासातून आणि त्वचेतून तासाला ४०-५० ग्रॅम पाणी सोडतो. सिलिका जेल फार तर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतकं पाणी धरतं, म्हणजे ५० ग्रॅमची पुडी १५-२० ग्रॅमवर भरते. आणि खालच्या फेल्टमध्ये पाणी लिटरांत असतं. पुडी वाईट नाही, पण तिची पाळी सगळ्यात शेवटी येते. घेतलीच तर नारिंगी रंगाची घ्या. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, ते आरोग्याला चांगलं नाही. भरलेले दाणे ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आसपास तास-दोन तास ठेवले की परत वापरता येतात. कॅल्शियम क्लोराइडचे ओलावाशोषक डबे घरच्या कपाटात ठीक, गाडीत नकोत. त्यात जमणारं खारं पाणी वळणावर सांडलं तर पत्रा खातं.

पाणी कुठलं ते ओळखायला तीन प्रश्न पुरतात. पाऊस नसताना, फक्त एसी चालवल्यावर ओल वाढते का? मग एसीच्या पाण्याची नळी बघायची. पाणी रंगीत, बोटाला बुळबुळीत, गोडसर वासाचं आहे का आणि काचेवर तेलकट थर येतो का? मग हीटर कॉइलमधून कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, गळतंय. बॉनेटखालच्या टाकीतली पातळी बघा आणि गाडी लगेच दाखवा. पाऊस पडल्यावर किंवा गाडी धुतल्यावरच ओल वाढते, पाण्यात माती आहे? मग बाहेरून शिरतंय. आमचं तिसरं होतं.

तरीही एसीची नळी तपासून घेतली, कारण ते फुकटचं काम आहे. कोरड्या जागी गाडी उभी करून एसी वीस मिनिटं चालवायचा आणि खाली बघायचं. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत डाव्या बाजूला, इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याजवळून, पाण्याची धार किंवा थेंब पडायला हवेत. दमट दिवसांत चांगलं थारोळं होतं. पाणी पडत नसेल तर नळीच्या तोंडाशी चिखल किंवा कुंभारमाशीचं मातीचं घर असण्याचा संभव जास्त. गवत कापायच्या मशीनची नायलॉनची दोरी हळूच वर सरकवून ते मोकळं होतं. कॉम्प्रेसरची हवा जोरात मारू नये, आतल्या बाजूची जोडणी निसटली तर सगळं पाणी पायाकडे येतं. आमची नळी व्यवस्थित वाहत होती.

मग वायपरखालची जाळी. गाडी आंब्याखाली उभी राहते, त्यामुळे इथे कचरा असणार हे ठरलेलंच. वायपरचे दांडे काढायच्या आधी ते काचेवर कुठे टेकतात तिथे चिकटपट्टी लावून खूण करायची, म्हणजे परत बसवताना कोन चुकत नाही. टोपीखालचा नट आमच्या गाडीत १४चा होता. दांडा गच्च बसलेला असतो, पान्याने उचकटू नये, बुडाशी धरून डावी-उजवीकडे हलवत राहिलं की सुटतो. प्लॅस्टिकच्या खिळ्या मात्र नऊ वर्षांनी कडकडीत होतात, आठ-दहा नव्या आधीच आणून ठेवाव्यात. मला प्रत्येकी १५ रुपयांना मिळाल्या. जाळी निघाल्यावर दोन्ही कोपऱ्यांत पानं कुजून खत झालेलं होतं. डाव्या कोपऱ्यातलं पाणी जाण्याचं भोक पूर्ण बुजलेलं. याच जागेतून ब्लोअर बाहेरची हवा घेतो, त्यामुळे इथे पाणी तुंबलं की ते ब्लोअरच्या तोंडातून आत येतं आणि केबिन फिल्टर भिजतो. कचरा हाताने काढला, मग तांब्याने पाणी ओतून ते पुढच्या चाकाच्या मागून खाली पडतंय याची खात्री केली. ग्लोव्हबॉक्समागचा फिल्टर ओला आणि काळा होता, ३८० रुपयांत नवा आणला. काही गाड्यांच्या खालच्या मॉडेलमध्ये फिल्टर नसतोच, नुसती रिकामी खाच असते. ती उघडून बघा.

पुढच्या पावसात ओल कमी झाली, गेली नाही. गाडीत पाणी शिरायच्या वाटा बऱ्याचदा एकापेक्षा जास्त असतात, म्हणून एक सापडली की तिथे थांबू नये.

गॅरेजला गाडी नेताना जॉबकार्डवर, म्हणजे तक्रार आणि काम नोंदवायच्या कागदावर, काय लिहिलं जातं याकडे लक्ष द्यावं लागतं. ‘गाडीत वास येतो’ असं लिहिलं की एसीची सफाई, फेस मारणं आणि सुगंध असं पॅकेज पुढे येतं. मी लिहून घेतलं : ‘एसी बंद असतानाही पाऊस पडल्यावर पुढे डाव्या पायाकडे पाणी येते, पाणी मारून चाचणी करावी, काय उघडावं लागेल ते आधी सांगावे.’ फेल्ट दाबल्यावर निघणाऱ्या पाण्याचा तारीख दिसेल असा फोटो जोडला. चाचणीचे ६०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७०८. तारीख मात्र दहा दिवसांनंतरची मिळाली. पावसाळ्यात क्लच आणि ब्रेकच्या गाड्या आधी घेतल्या जातात, ओल कोणाला तातडीची वाटत नाही. ते दहा दिवस जिवाला घोर होता, कारण डाव्या पायाजवळच फ्यूजबॉक्स आणि वायरिंगच्या मोठ्या जोडण्या आहेत. एवढ्या काळात रोज संध्याकाळी स्कफ प्लेट उचलून कार्पेटच्या कडेखाली जुने टॉवेल खुपसायचे, सकाळी पिळायचे, एवढं करत राहिलो. त्याने फेल्ट सुकत नाही, पण पाणी वर चढत नाही.

पाण्याची चाचणी दोन माणसांचं काम. आतलं सगळं शक्य तितकं कोरडं करून, डाव्या बाजूचं डोअर पॅड आणि पायाजवळची प्लॅस्टिकची कव्हरं काढून, पत्र्यावर टाल्कम पावडर भुरभुरायची. पाण्याचा ओघळ पावडरवर रेघ सोडतो. एक जण टॉर्च घेऊन आत, दुसरा बाहेर बागेची साधी नळी घेऊन. नळीला नोझल नको, धार मऊ हवी. जोरदार प्रेशरवॉशर मारला तर एरवी न शिरणारं पाणीही शिरतं आणि निदान चुकतं. सुरुवात खालून करायची : आधी उंबरा, मग दाराचा खालचा भाग, मग काचेखालची कड, मग समोरच्या काचेचा खालचा कोपरा, शेवटी वरचा कोपरा आणि टप. प्रत्येक ठिकाणी चार-पाच मिनिटं. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि कुठून शिरलं ते कळत नाही. गॅरेजचे मेस्त्री याबाबतीत फार पक्के होते. सिलिकॉनची ट्यूब घेऊन पुढे आलेल्या मुलाला त्यांनी थांबवलं, “पाणी खंयसून येता ता आधी बघूया.”

पहिली रेघ दारात दिसली. बाहेरच्या काचेच्या कडेला जे रबर असतं त्याच्यामागून दाराच्या पोकळीत पाणी जातंच, तशीच रचना आहे. ते दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. दाराची पोकळी आणि डोअर पॅड यांच्यामध्ये एक प्लॅस्टिकचा कागद काळ्या चिकट ब्यूटिलने चिकटवलेला असतो, तो पाण्याला केबिनच्या बाजूला येऊ देत नाही. आमच्या गाडीत आधीच्या मालकाने स्पीकर बदलले होते. तेव्हा हा कागद कापून नंतर खाकी पॅकिंगची पट्टी लावलेली. ती केव्हाच सुटली होती. जिथे स्पीकर, पॉवर विंडो किंवा सेंट्रल लॉक बाहेरून बसवलंय तिथे हे हमखास बघावं. कागद फाटलेला नसेल तर जुनं ब्यूटिल पुसून नवी ब्यूटिल टेप लावायची, फाटला असेल तर त्याच मापाचा जाड पॉलिथिनचा कागद कापायचा. कागदाची खालची कड दाराच्या खाचेत आतल्या बाजूला वळली पाहिजे, म्हणजे ओघळ पोकळीतच पडतो. चिकटवताना पत्रा स्पिरिटने पुसून कोरडा हवा. दमट पत्र्यावर टेप दोन दिवसांत सोडते. ३५० रुपयांच्या टेपमध्ये दोन्ही पुढची दारं झाली. दाराच्या तळाची भोकंही तारेने मोकळी केली, कारण ती बुजली तर पाणी आत साठून हेलकावतं आणि खालचा पत्रा गंजतो.

दुसरी रेघ समोरच्या काचेच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातून आली. काचेच्या बाजूच्या खांबाचं कव्हर काढल्यावर पाण्याचा पिवळट डाग तळापर्यंत गेलेला दिसला. म्हणजे पाणी वर शिरत होतं आणि पायाशी प्रकट होत होतं. ही काच एप्रिलमध्ये दगड लागून तडकल्यावर विम्यातून बदलली होती. खात्री करायला एक सोपी युक्ती वापरली. सगळ्या काचा बंद, ब्लोअर सगळ्यात जोरात, हवा बाहेरून घेणारा पर्याय. त्यामुळे केबिनमध्ये थोडा दाब तयार होतो. मग बाहेरून कोपऱ्यावर साबणाचं पाणी लावलं. बारीक बुडबुडे नेमके एका जागी येत राहिले.

इथे लगेच विमा कंपनीकडे नवा दावा टाकायचा मोह होतो. तो टाकू नये असं माझं स्पष्ट मत आहे. हळूहळू होणारी गळती आणि झीज साध्या पॉलिसीत बसत नाही. शिवाय दावा मंजूर झालाच तर १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० रुपये सक्तीचे स्वतः भरावे लागतात आणि नो क्लेम बोनसवर, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीवर, गदा येऊ शकते. काच बसवण्यातला दोष हा बसवणाऱ्याच्या कामाच्या हमीत येतो. त्यासाठी तीन कागद लागले : मूळ बिल, त्यावरचा विमा दाव्याचा क्रमांक आणि गॅरेजचं जॉबकार्ड, ज्यावर मेस्त्रींनी गळतीची जागा लिहून सही केली होती. फोनवर ‘येऊन जा, बघू’ असं उत्तर मिळत राहिलं. सगळे कागद आणि बुडबुड्यांचा व्हिडिओ ईमेलने पाठवल्यावर आठवड्याभरात तारीख आली. काचेची बिलं वर्षभर जपून ठेवा.

काच परत बसवताना काय व्हायला हवं ते माहीत असलं तर उभं राहून बघता येतं. काच पूर्ण कापून काढायची. नुसतं कडेला वरून काही भरून चालत नाही. काच चिकटवायच्या जुन्या पॉलियुरेथेनचा मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा थर ठेवून बाकी तासायचा, उघड्या पत्र्यावर आणि काचेच्या काळ्या कडेवर प्रायमर, मग त्रिकोणी नोझलने अखंड, एकसारखी धार. जिथे धारेची सुरुवात आणि शेवट जुळतात ती जागा कोपऱ्यात येऊ नये. आमची गळती नेमकी तशा जोडावर होती. सिलिकॉन अजिबात नको. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन उघडा पत्रा गंजवतं आणि त्याच्या अंशावर नंतर पॉलियुरेथेन धरत नाही. पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्याने पिकतं, त्यामुळे दमट हवेचं भय नाही, पण चिकटवायची जागा कोरडी हवी. आमचं काम छताखाली झालं. गाडी कधी हलवायची ते ट्यूबवर लिहिलेलं असतं, तेवढं थांबायचंच. पुढचा दिवसभर एक खिडकी बोटभर उघडी ठेवायची आणि दार आपटायचं नाही. बंद गाडीत दार आपटल्यावर हवेचा दाब ओल्या धारेला बाहेर ढकलतो. याचे पैसे पडले नाहीत.

वाटा बंद झाल्या, आता साठलेलं पाणी. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पुढच्या दोन्ही सीटा आणि कार्पेट काढायचं ठरलं. सीटखाली एअरबॅगच्या पिवळ्या जोडण्या असतात म्हणून हे काम स्वतः करायची धास्ती वाटत होती. गॅरेजने १८०० अधिक जीएसटी, म्हणजे २१२४ रुपये घेतले. घरी करणार असाल तर क्रम असा : बॅटरीची ऋण बाजू १०च्या पान्याने सोडवा, दहा मिनिटं थांबा, सीटचे चार बोल्ट काढा, सीट मागे कलती करून खालच्या जोडण्या सोडवा. जोडण्या सुटलेल्या असताना इग्निशन चालू करायचं नाही, नाहीतर एअरबॅगचा दिवा पेटून राहतो आणि तो स्कॅनर लावूनच घालवावा लागतो. बेल्टचा खालचा बोल्ट, मधला कन्सोल, स्कफ प्लेटा, आणि मग कार्पेट दारातून बाहेर. ओलं कार्पेट भलतंच जड होतं. घडी घालू नका, फेल्ट तुटतं.

नवं कार्पेट अधिकृत विक्रेत्याकडे सात-आठ हजारांच्या घरात आणि तीन आठवड्यांची वाट, म्हणून जुनंच सुकवलं. कोकणात ऑगस्टमध्ये ऊन धरून काही होत नाही, आणि पडवीत वाळत घातलं तर बाहेरची हवाच ९० टक्क्यांवर दमट. उपयोग होतो तो बंद खोलीचा. आधी वेट व्हॅक्यूमने पाणी ओढून घेतलं, मग कार्पेट दोन खुर्च्यांवर फेल्टची बाजू वर करून टाकलं, खोली बंद, एसी ‘ड्राय’वर, पंखा चालू. घरगुती डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा काढणारं यंत्र, असेल तर तो याहून चांगला. सुकलं की नाही हे हाताने कळत नाही, वजनाने कळतं. सामान तोलायचा हुकाचा काटा घेऊन रोज एकाच वेळी वजन करायचं. लागोपाठ दोन दिवस वजन बदललं नाही की सुकलं. आमचं कार्पेट साडेसहा किलोंनी हलकं झालं. हे सगळं पाणी वरून जेमतेम दमट वाटणाऱ्या कार्पेटमध्ये होतं.

गाडी तेवढा वेळ उघडी पडली होती, त्यात बाकीची कामं झाली. तळाच्या पत्र्याच्या सांध्यावर दोन ठिकाणी वरवरचा गंज होता. तारेच्या ब्रशने घासून, गंज थांबवणारं फॉस्फोरिक आम्लाचं द्रावण, मग झिंक प्रायमर आणि रंग, साधारण ४०० रुपये. पत्र्याला चिकटलेली डांबरी पॅड काढू नयेत. तळातली रबरी बुचं दाबून बघितली. फ्यूजबॉक्सच्या जोडण्यांत हिरवट थर आहे का ते बघून कॉन्टॅक्ट क्लीनर मारला (२८० रुपये). सीटचं कापड आधी उघड्यावर, एन-९५ मास्क लावून कोरडं व्हॅक्यूम केलं. ओल्या फडक्याने आधी पुसलं तर बुरशी पसरते. मग सौम्य साबणाचं अगदी थोडं पाणी. प्लॅस्टिकला ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल. सीटबेल्टला मात्र ब्लीच किंवा कडक रसायन लावू नका, पट्ट्याचा धागा कमकुवत होतो. पूर्ण बाहेर ओढून, चिमटा लावून, कोमट साबणपाण्याने धुऊन तो पूर्ण सुकल्यावरच आत जाऊ द्यायचा. कूलिंग कॉइलला सफाईचा फेस सगळ्यात शेवटी मारला (४५० रुपये), तोही पाण्याची नळी मोकळी आहे हे परत बघून. नळी बंद असेल तर तो फेस नुकत्याच सुकवलेल्या कार्पेटवर उतरतो.

सीटा बसवताना चारही बोल्ट आधी हाताने दोन-तीन आटे फिरवून घ्या, मग मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कइतके, म्हणजे तेवढ्याच जोराने, आवळा. सगळ्या जोडण्या लागल्यावर शेवटी बॅटरी.

काचा आतून स्वच्छ असणं याला लोक किरकोळ समजतात, पण डॅशबोर्डचं प्लॅस्टिक आणि चकाकीचं पॉलिश यांचा जो पातळ थर काचेवर बसतो त्यावर धुकं लवकर आणि जाड धरतं. आयसोप्रोपिल आणि पाणी अर्धं-अर्धं, दोन मायक्रोफायबरचे फडके, एक ओला एक कोरडा. मागच्या काचेवर डीफॉगरच्या, म्हणजे काच गरम करून धुकं घालवणाऱ्या, तारा असतील तर फडका तारांच्या दिशेनेच फिरवायचा.

त्यानंतर ३०० रुपयांचा डिजिटल आर्द्रतामापक सीटखाली ठेवला. आकडा कसा वाचायचा ते समजून घ्या. कोकणातल्या ऑगस्टमध्ये बंद गाडीत सकाळी ५० टक्के कधीच दिसणार नाही. बाहेर ९२ असेल तर आत ८०-८५ ठीक. आत बाहेरपेक्षा जास्त असेल तर पाण्याचा साठा अजून आहे. अर्धा तास एसी चालवल्यावर आकडा ५०च्या आसपास उतरतो आणि गाडी उभी राहिल्यावर तो किती वेगाने वर चढतो यावरून पाणी उरलंय का ते कळतं. दुरुस्तीआधी फेल्ट ओलं असताना काचा तासाभरात धूसर व्हायच्या, आता रात्रभरात आकडा सावकाश चढतो आणि काचा स्वच्छ राहतात.

एकूण खर्च पाच हजारांच्या थोडा वर गेला. त्यातला निम्म्याहून जास्त चाचणी आणि सीटा-कार्पेट काढण्याची मजुरी. तेव्हा मोटारीच्या बऱ्याच सुट्या भागांवर २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५पासून तो १८ झाला, त्यामुळे कोणाला नवं कार्पेट किंवा रबर घ्यायचं असेल तर हिशेब थोडा हलका पडेल.

रोजच्या सवयींपैकी ज्यांचा खरंच उपयोग होतो त्या मोजक्याच. छत्री डिकीत, तीही कडा उंच असलेल्या ट्रेमध्ये. पायाखाली कडा असलेल्या रबरी मॅट आणि त्यातलं पाणी संध्याकाळी ओतून देणं. घरी पोचायच्या शेवटच्या दोन-तीन मिनिटांत एसी बंद करून हवा बाहेरून घेत ब्लोअर चालू ठेवणं, म्हणजे कॉइल सुकते आणि वास धरत नाही. काचेवर धुकं धरू नये म्हणून हे गल्लीत वळल्यावर, खिडकी थोडी उघडून करायचं, हमरस्त्यावर नाही. ओल्या गाडीवर कव्हर घालायचं नाही, प्लॅस्टिकचं तर कधीच नाही.

गणपतीत, ७ सप्टेंबरच्या आठवड्यात, गाडी भरून माणसं आणि ओले कपडे घेऊन घाटातून ये-जा झाली. काचेवर धुकं धरलं, एसी आणि गरम हवा एकत्र लावल्यावर दोन मिनिटांत गेलं, आणि दुसऱ्या सकाळी आत थेंब नव्हते. ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा डाव्या बाजूची स्कफ प्लेट उचलून फेल्ट दाबून बघितलं, कोरडं होतं. त्याच वेळी सीटचे बोल्ट परत तपासले आणि वायपरखालची जाळी पुन्हा साफ केली, कारण आंब्याखालच्या गाडीत ती पावसाआधी मे महिन्यात एकदा आणि पावसानंतर एकदा उघडावी लागते. आता डोअर पॅड काही कारणाने काढायची वेळ आली तर काम करणाऱ्याला ब्यूटिल टेपचं उरलेलं रीळ हातात देतो आणि कागद परत चिकटवलेला बघूनच पॅड लावू देतो.